नेक्स्टक्लाउडच्या डेटा फोल्डरात थेट कॉपी केलेले फोटो दिसत नाहीत, आणि कंपोज फाइल बदलूनही नवीन डोमेन घेत नाहीये

देवरुखचा_पाऊस

नमस्कार मंडळी, घरी एका जुन्या डेस्कटॉपवर डेबियन लिनक्स टाकून डॉकर कंपोजनी (एका फाइलवरून अनेक कंटेनर, म्हणजे वेगळे बंदिस्त प्रोग्राम, एकत्र चालवायचं साधन) नेक्स्टक्लाउड (घरच्याच सर्व्हरवर फाइल आणि फोटो ठेवायचं सॉफ्टवेअर) चालवतोय. ऑफिशियल इमेज, अपाची वाली, सोबत मारियाडीबी (डेटाबेस), रेडिस (कॅशे) आणि क्रॉनचा (ठरावीक वेळी पाठीमागची कामं करणारा) वेगळा कंटेनर, पुढे एन्जिनएक्सचा रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मागण्या आत पोचवणारा. आई, बाबा, पुण्याची बहीण आणि मी असे सगळे वापरतो आणि सगळ्यांना सवय पण झालीये त्यामुळे आता हे नीट चालायलाच हवं.

बाबांचे जुने फोटो एका पोर्टेबल डिस्कवर होते, साधारण ४०० जीबी, ब्राउझरमधून चढवत बसण्यापेक्षा डिस्क सर्व्हरलाच लावली आणि रूट युजरनी बाबांच्या डेटा फोल्डरात, म्हणजे फाइल्सच्या आत, सगळं कॉपी केलं. टर्मिनलमध्ये बघितलं तर सगळं जागेवर आहे, साइज पण बरोबर आहे, पण वेबवर आणि ॲपमध्ये बाबांच्या अकाउंटला काहीच दिसत नाही. कंटेनर रीस्टार्ट करून झालं, ब्राउझरचा कॅशे काढून झाला.

दुसरं म्हणजे डोमेन बदललं. कंपोज फाइलमध्ये ट्रस्टेड डोमेन्सचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे त्यात नवीन नाव टाकलं, कंटेनर परत उभा केला, तरी उघडल्यावर हे डोमेन विश्वासातलं नाही असाच मेसेज. जुन्या पत्त्यावरून वेब चालतं पण फोनच्या ॲपमध्ये लॉगिन करताना परवानगी द्या हे बटण दाबलं की पुढे काहीच होत नाही. आणि मोठे व्हिडिओ चढवताना ४१३ (फाइल फार मोठी) एरर येतो.

माझा मूळ प्रश्न असा की कॉन्फिग नक्की बदलायचं कुठे? कंपोज फाइलमध्ये, कंटेनरच्या आत जाऊन कॉन्फिग डॉट पीएचपीमध्ये, की कमांडनी? इंटरनेटवर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

---

नागपुरी_टर्मिनल

भाऊ, फोटोंचं आधी पाहू, ते सोपं आहे.

नेक्स्टक्लाउड तुम्हाला जी फाइलची यादी दाखवतं ती डिस्क वाचून दाखवत नाही, डेटाबेसमध्ये ओसी अंडरस्कोर फाइलकॅश नावाचं टेबल असतं त्यातून दाखवतं. वेबवरून किंवा ॲपवरून फाइल आली की त्या टेबलमध्ये नोंद होते, तुम्ही मागच्या दारानं टाकली तर नोंदच नाही, म्हणून फाइल असूनही नाही. रीस्टार्टनी काही होणार नाही.

पण स्कॅन करायच्या आधी मालकी बदला. रूटनी कॉपी केलंय म्हणजे सगळ्या फाइलचा मालक रूट आहे आणि कंटेनरच्या आतला वेब सर्व्हर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरनी चालतो. डेबियनवर बेतलेल्या इमेजमध्ये त्याचा नंबर ३३ आहे, तुम्ही अपाची वाली म्हणता म्हणजे ३३च. (कोणी अल्पाइन वाली वापरत असेल तर तिथं ८२ असतो, हे लक्षात ठेवा नाहीतर सगळं करूनही परवानगी नाही म्हणून अडकते.) होस्टवरून (कंटेनरबाहेरच्या मूळ मशीनवरून) चोउन (मालक बदलायची कमांड) हायफन कॅपिटल आर, ३३ कोलन ३३, आणि बाबांच्या फोल्डरचा पाथ. नावाऐवजी नंबरच द्या, कारण होस्टवर त्या नावाचा युजर असेलच किंवा त्याचा नंबर तोच असेल याची खात्री नसते.

मग स्कॅन. डॉकर कंपोज एक्झेक, त्याला हायफन यू लावून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, मग सर्व्हिसचं नाव, मग पीएचपी ओसीसी (नेक्स्टक्लाउडचं कमांड लाइन साधन) आणि फाइल्स कोलन स्कॅन. पुढे डबल हायफन ऑल दिलं तर सगळ्या युजरचं होते, पण गरज नाही, डबल हायफन पाथ देऊन बाबांचं युजरनेम, स्लॅश फाइल्स, स्लॅश फोटोंचा फोल्डर एवढंच द्या. ओसीसी रूटनी चालवू नका, ते स्वतःच अडवते.

आणखी एक, कॉपी करताना तारखा टिकल्या का ते पाहा. नुसत्या सीपीनी केलं असेल तर सगळ्या फाइलवर कॉपी केल्याची तारीख बसते आणि स्कॅन तीच उचलते, मग जुने फोटो आजच्या तारखेला दिसतात. स्कॅन केलं नसेल अजून तर मूळ डिस्कवरून आरसिंक (फोल्डर जुळवून कॉपी करायची कमांड) हायफन ए आणि सोबत डबल हायफन साइज-ओन्ली लावून परत एकदा चालवा, मग साइज तोच असलेल्या फाइलची तो फक्त तारीख नीट करतो, सगळं पुन्हा लिहित बसत नाही. त्याच्यानंतर चोउन.

आणि यापुढे एक पाळा: जे आधीच नेक्स्टक्लाउडमध्ये आहे त्याची नावं होस्टवरून बदलू नका, फोल्डर हलवू नका. स्कॅनला ते जुनी फाइल गेली नवीन आली असंच दिसते, फाइलचा अंतर्गत आयडी बदलतो, आणि त्यावर केलेलं शेअरिंग, टॅग, कमेंट सगळं सुटून जाते. नवीन टाकणं वेगळं, आहे ते हलवणं वेगळं.

---

मुलुंडची_होमलॅब

कॉन्फिगबद्दल मी लिहिते, कारण हा गोंधळ खूप जणांचा होतो आणि त्याला कारण आहे, सगळी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एकसारखी वागत नाहीत.

काही फक्त पहिल्यांदा इन्स्टॉल होताना वाचली जातात. तुमचं ट्रस्टेड डोमेन्सचं त्यातलंच. इन्स्टॉल झालं की ती व्हॅल्यू कॉन्फिग डॉट पीएचपीमध्ये लिहिली गेली, आता कंपोजमध्ये कितीही बदला, तिकडे कोणी बघत नाही. डेटाबेसच्या पासवर्डचंही तेच, आणि तिथे तर दुप्पट त्रास, कारण मारियाडीबीची इमेजही तो पासवर्ड फक्त पहिल्या वेळी घेते. त्यामुळे कंपोजमधला पासवर्ड बदलून ना डेटाबेसचा पासवर्ड बदलतो ना नेक्स्टक्लाउडला नवा कळतो.

काही मात्र प्रत्येक वेळी वाचली जातात. कॉन्फिग फोल्डर उघडून बघा, मुख्य फाइलच्या शेजारी रेडिस, एसएमटीपी, रिव्हर्स प्रॉक्सी अशा नावांच्या छोट्या छोट्या फाइल दिसतील, ज्यांच्या नावाचा शेवट डॉट कॉन्फिग डॉट पीएचपी असा आहे. त्या इमेजसोबत येतात आणि एन्व्हायर्नमेंटमधून व्हॅल्यू उचलतात. आणि महत्त्वाचं हे की एकच सेटिंग दोन्हीकडे असेल तर या छोट्या फाइलमधली व्हॅल्यू जिंकते, मुख्य फाइलमधली नाही. म्हणजे लोक मुख्य फाइलमध्ये बदल करत राहतात आणि काहीच होत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं.

म्हणून माझी पद्धत अशी: जे प्रॉक्सी, रेडिस, मेल याच्याशी संबंधित आहे ते कंपोजमध्ये, बाकी सगळं ओसीसी नी. हाताने मुख्य फाइल उघडून बदलणं मी टाळते, एक स्वल्पविराम राहिला की पूर्ण साइट बंद.

तुमच्यासाठी: ओसीसी कॉन्फिग कोलन सिस्टिम कोलन सेट, मग ट्रस्टेड अंडरस्कोर डोमेन्स, मग एक आकडा, मग डबल हायफन व्हॅल्यू आणि नवीन डोमेन. तो आकडा म्हणजे यादीतली जागा, ० पासून सुरू होते. आधी सेटच्या जागी गेट लावून यादी बघून घ्या, नाहीतर ० दिलात तर पहिलं डोमेन पुसून त्या जागी नवीन बसेल.

फोनचं लॉगिन अडकतंय ते ओव्हरराइट प्रोटोकॉलमुळे असणार. एन्जिनएक्स बाहेरून एचटीटीपीएस घेतो आणि आत कंटेनरशी साध्या एचटीटीपीने बोलतो, नेक्स्टक्लाउडला वाटतं आपण एचटीटीपीवरच आहोत, म्हणून ॲपला परतीचा पत्ता तसाच देतं आणि ॲप तो घेत नाही. कंपोजमध्ये ओव्हरराइटप्रोटोकॉलला एचटीटीपीएस द्या, हे व्हेरिएबल दर वेळी वाचलं जाणाऱ्यांपैकी आहे. पण कंटेनर नुसता रीस्टार्ट करू नका, रीस्टार्टला नवीन एन्व्हायर्नमेंट मिळत नाही, डॉकर कंपोज अप हायफन डी करा म्हणजे तो नव्याने तयार होईल. सोबत ट्रस्टेड प्रॉक्सीजमध्ये प्रॉक्सीचा आयपी किंवा डॉकर नेटवर्कची रेंज द्या. ते नसेल तर नेक्स्टक्लाउडला घरातले सगळे एकाच आयपीवरून आलेले वाटतात आणि एकाने चार वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की ब्रूट फोर्सच्या (पासवर्ड सारखे चाळून बघणाऱ्या हल्ल्याच्या) संरक्षणामुळे सगळ्यांचंच लॉगिन मंद होतं.

४१३ हा एन्जिनएक्सचा एरर आहे. क्लायंट मॅक्स बॉडी साइज तिथे डिफॉल्ट १ एमबी असतो, तो वाढवा. नेक्स्टक्लाउडचे ॲप मोठी फाइल तुकडे करून पाठवतात त्यामुळे पीएचपीच्या मर्यादेला (इमेजमध्ये डिफॉल्ट ५१२ एमबी) सहसा हात लावावा लागत नाही, पण १ एमबीमध्ये तुकडासुद्धा बसत नाही.

काही अडलं तर ओसीसी कॉन्फिग कोलन लिस्ट सिस्टिम चालवून आउटपुट इथे टाका, त्यात पासवर्ड आणि सिक्रेट आपोआप झाकलेले असतात. डबल हायफन प्रायव्हेट लावू नका फक्त, त्याने उघडे होतात. डोमेनचं नाव आणि आयपी तेवढे खोडा.

---

सिंधुदुर्ग_सर्व्हर

वरच्या दोघांचं बरोबर आहे, पण बाबांच्या फोटोंसाठी मी स्कॅनचा रस्ता धरणार नाही, माझं मत थोडं वेगळं आहे.

४०० जीबीचा जुना संग्रह, ज्यात आता कोणी काही बदलणार नाहीये, तो डेटा फोल्डरात कशाला? डिस्कवर वेगळ्या फोल्डरात ठेवा, कंपोजमध्ये तो फोल्डर कंटेनरला शेवटी कोलन आरओ लावून फक्त वाचण्यापुरता जोडा, मग एक्स्टर्नल स्टोरेज हे ॲप चालू करून लोकल प्रकारात तो पाथ द्या आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा. फायदा असा की फोनवरून कोणाच्या हातून चुकून फोल्डर डिलीट होत नाही, होऊच शकत नाही. घरातली म्हातारी माणसं वापरणार असतील तर ही गोष्ट फार मोलाची आहे. आणि उद्या नेक्स्टक्लाउड सोडून दुसरं काही वापरायचं ठरवलं तरी फोटो जसेच्या तसे साध्या फोल्डरात आहेत. क्रॉनच्या कंटेनरलाही तोच फोल्डर त्याच पाथवर जोडा, ते हमखास राहून जातं आणि मग पाठीमागच्या कामांना तो पाथ सापडत नाही.

दुसरं, देवरुख म्हणजे पावसात वीज जाणार येणार हे धरूनच चालायचं. वीज आल्यावर मशीन सुरू होतं आणि एखादे वेळी ती बाहेरची डिस्क वेळेत माउंट होत नाही. डॉकरला याचं काही नसतं, कंपोजच्या छोट्या पद्धतीने लिहिलेला फोल्डर होस्टवर सापडला नाही तर तो रिकामा फोल्डर स्वतः तयार करून कंटेनर चालू करतो. म्हणजे नेक्स्टक्लाउड रिकाम्या डेटावर उभं. ते त्यातून वाचतं कारण डेटा फोल्डरच्या मुळाशी एक लपलेली खुणेची फाइल असते आणि ती दिसली नाही की ते काम करायला नकार देतं. लोक हा एरर आला की इंटरनेटवर बघून ती फाइल हाताने तयार करतात. कृपा करून असं करू नका, आधी डिस्क माउंट आहे का ते बघा. रिकाम्या फोल्डरात ती खूण टाकून स्कॅन चालवलंत तर डेटाबेसमधल्या सगळ्या नोंदी जातील, आणि त्यांच्यासोबत शेअरिंग पण.

बंदोबस्त असा करा. कंपोजमध्ये व्हॉल्यूम लांब पद्धतीने लिहा, टाइप बाइंड, सोर्स, टार्गेट, आणि बाइंडच्या खाली क्रिएट होस्ट पाथ फॉल्स. मग फोल्डर नसेल तर कंटेनर सुरूच होणार नाही. सोर्स मात्र माउंट पॉइंट स्वतः देऊ नका, डिस्कच्या आतला एक उपफोल्डर द्या, कारण माउंट पॉइंटचा रिकामा फोल्डर डिस्क नसतानाही तिथे असतोच. एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी) डिस्क यूयूआयडीनी (डिस्कचा कायमचा ओळखक्रमांक) लिहा, आणि डॉकरच्या सिस्टिमडी सर्व्हिसला रिक्वायर्स माउंट्स फॉर मध्ये तो पाथ द्या म्हणजे डिस्कच्या आधी डॉकर उठणार नाही.

डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस असेल तर चोउन नेहमीसारखा चालणार नाही, मालक माउंट करतानाच यूआयडी ३३ असा द्यावा लागतो. नेहमीसाठी ठेवणार असाल तर सरळ ईएक्सटी४ करून घ्या, अर्थात फोटो आधी दुसरीकडे काढून.

---

देवरुखचा_पाऊस

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहिलं नव्हतं.

ओव्हरराइटप्रोटोकॉल टाकून कंपोज अप केल्यावर फोनचं लॉगिन लगेच झालं, डोमेन ओसीसी नी टाकलं तेही चाललं, एन्जिनएक्सची मर्यादा वाढवल्यावर व्हिडिओ जातायत. कॉन्फिग फोल्डरातल्या त्या छोट्या फाइल मी आजवर बघितल्याच नव्हत्या, ताईंनी सांगितल्यावर उघडून वाचल्या, आत काय चाललंय ते आता कळतंय.

फोटोंसाठी सिंधुदुर्गवाल्या दादांचा रस्ता घेतला. डेटा फोल्डरातून काढून वेगळ्या फोल्डरात ठेवले, फक्त वाचण्यापुरते जोडले, स्कॅन केलेलंच नव्हतं त्यामुळे डेटाबेसमध्ये काही साफ करावं लागलं नाही. तारखा बिघडल्या होत्या, आरसिंकने नीट झाल्या. बाबा काल रात्रीपासून बहिणीच्या बारशाचे फोटो शोधून सगळ्यांना पाठवतायत.

आता बॅकअपचं सांगा. डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर रोज कॉपी केला की पुरे का? आणि इमेजचा टॅग लेटेस्ट आहे, तो तसाच ठेवू का?

---

मुलुंडची_होमलॅब

नुसता डेटा पुरे नाही. तीन गोष्टी एकाच वेळच्या हव्यात: डेटा, कॉन्फिग फोल्डर आणि डेटाबेसचा डंप. ओसीसी मेंटेनन्स कोलन मोड डबल हायफन ऑन करा, मारियाडीबीचा डंप सिंगल ट्रान्झॅक्शन लावून घ्या, फोल्डर आरसिंक करा, मग मोड ऑफ. मारियाडीबीचा व्हॉल्यूम चालू असताना तसाच कॉपी करू नका, तो उघडेलच याची शाश्वती नाही. कॉन्फिगमध्ये सिक्रेट आणि पासवर्डसॉल्ट असतात, ते हरवले तर डेटाबेसमध्ये कूटबद्ध करून ठेवलेले पासवर्ड, उदाहरणार्थ एक्स्टर्नल स्टोरेजचे, परत उघडता येत नाहीत. बाबांच्या फोटोंचा फोल्डर आता डेटाच्या बाहेर आहे, त्याची वेगळी कॉपी लावायला विसरू नका.

लेटेस्ट टॅग आजच काढा. नेक्स्टक्लाउडला एका वेळी एकच मोठी आवृत्ती वर जाता येतं, मधली गाळता येत नाही आणि मागे तर येताच येत नाही. लेटेस्ट ठेवून बरेच महिने पुल (नवीन इमेज उतरवणं) केलं नाही की पुढचा पुल दोन आवृत्त्या ओलांडतो आणि कंटेनर उठत नाही. ओसीसी स्टेटसने सध्याची आवृत्ती बघा, तोच मोठा आकडा टॅगमध्ये लिहा, आणि अपग्रेडच्या वेळी एक एक करून वाढवा, प्रत्येक पायरीआधी वरचा बॅकअप. क्रॉनच्या कंटेनरलाही तोच टॅग.

---

नागपुरी_टर्मिनल

यात एक भर. कधी बॅकअपवरून परत उभं करायची वेळ आली तर शेवटी ओसीसी मेंटेनन्स कोलन डेटा हायफन फिंगरप्रिंट नक्की चालवा. बॅकअप कालचा आणि बहिणीच्या लॅपटॉपवर आजच्या फाइल असतील तर सिंक क्लायंटला वाटू शकते की सर्व्हरवरून त्या डिलीट झाल्या, आणि तो लॅपटॉपवरूनही काढून टाकेल. या कमांडनी क्लायंटला कळते की सर्व्हर मागच्या स्थितीवर आणलाय आणि तो अशा फाइल जपून ठेवतो. ही कमांड क्लायंट जोडले जायच्या आधी, म्हणजे मेंटेनन्स मोड चालू असतानाच, द्यायची.