हात दुखतो म्हणून लिहीत नाही. खेळ कमी करू का?

वाळूवाल्याची_आई: मुलगा पाच वर्षांचा, मोठ्या गटात. रोज दोन पानं गिरवायला येतात. तिसऱ्या अक्षरालाच "हात दुखला" म्हणत पेन्सिल टाकतो आणि समोरच्या बांधकामाच्या वाळूवर पळतो. बाई म्हणतात खेळ कमी करा, सराव वाढवा. काय करू?

बालवाडीची_बाई: अहो, दुखत असणार! जन्मतः मनगटाची आठही हाडं कूर्चेचीच, म्हणजे कानाच्या पाळीवरच्या भागासारखी लवचीक असतात. एकेक करून ती पक्की होतात. शेवटचं हाड पक्कं व्हायला लागायलाच आठ ते बारा वर्षं जातात. ३१ वर्षं बालवाडी चालवली मी. एक मुलगी खडूला हात लावायची नाही. घरी मात्र आईशेजारी बसून चिमटीतून रांगोळी सोडायची, रेघ तुटू न देता. पेन्सिलीला तीच चिमूट लागते. मी खडू बाजूला ठेवला, रांगोळीचा डबा दिला. दिवाळीनंतर तिने आपणहून 'ग' काढला. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून पालघरकडच्या बोर्डीला, मग कोसबाडला शिंपले, बिया, पानं हीच साधनं केली. वाळू राहू द्या, फक्त खिळे-काचा बघून घ्या.

दोन_मुलांचा_बाबा: आमची लेक दुकान-दुकान खेळते. आजी गिऱ्हाईक. आजी सारखी साखर मागायला लागली तशी हिने खोक्यावर पाटी लावली: "साकर सपली उदया या". गृहपाठाच्या वहीत मात्र एक ओळ लिहीत नाही!

बालवाडीची_बाई: त्या पाटीला लाल पेन लावू नका हं.

स्पष्टबोल्या: बोलायला सोपं आहे. पहिलीत बाकीचे फळ्यावरून उतरवून घेतात, आपलं पोर बसतं बघत.

बालवाडीची_बाई: खरंय, जाच होतो. म्हणूनच विचारते, बटणं लावतो का? कणकेची गोळी वळतो का? सहा उलटून गेल्यावरही हे जमलं नाही तर डॉक्टरांना दाखवा, तिथे नुसतं खेळून भागणार नाही.

वाळूवाल्याची_आई: बटणं लावतो. नाडी मीच बांधते. वाळूत बोगदे तर कोपरापर्यंत हात घालून खणतो. पण शाळेतल्या बाईंना काय सांगू?

बालवाडीची_बाई: भांडू नका. दोन पानांऐवजी दोन ओळी मागून घ्या, त्याही संध्याकाळी नको, सकाळी. आणि नाडी उद्यापासून त्यालाच बांधू द्या, उशीर झाला तरी.