शब्दचर्चा : थर्मोइलेक्ट्रिकला ‘औष्णिक’ म्हणावं का?

नांदेडकर : कॉलेजच्या वार्षिकांकासाठी टोपोलॉजिकल इन्सुलेटर नावाच्या पदार्थाच्या नॅनोतारांमधल्या, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक तारांमधल्या, थर्मोइलेक्ट्रिक प्रवाहावर लेख लिहायलोय. मी सरळ ‘औष्णिक वीजप्रवाह’ लिहिलं. वडिलांनी विचारलं, “एवढ्या बारीक तारंत कोळसा कुठून टाकतेत रे?” दुसरा शब्द सुचवा.

परळीकर : वडिलांचं बरोबर हाय. आमच्याकडं औष्णिक म्हणजे थर्मल, अन् थर्मल म्हणजे कोळसा, वाफ, टर्बाइन, राख. खडका बंधाऱ्यात पाणी नसलं की परळीच्या वीजकेंद्राचे संच बंद. तुमच्या तारेत यातलं काहीच नाही. एक टोक गरम, दुसरं गार, एवढ्यावर प्रवाह सुरू. ‘तापविद्युत’ घ्या.

शब्दवेडी, अंबाजोगाई : ताप नको हो, थर्मामीटर आठवतो. ‘उष्माविद्युत’ बरा. तसा हा शब्द जन्मापासूनच वादातला. १८२१ साली सीबेक या जर्मन शास्त्रज्ञानं दोन धातूंचं कडं करून एक सांधा तापवला, तर शेजारच्या होकायंत्राची सुई हलली. त्याला ते चुंबकत्वच वाटलं. वीज वाहतेय हे ओळखून ‘थर्मोइलेक्ट्रिक’ म्हटलं ते अर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञानं.

नांदेडकर : मग सुटसुटीत ‘उष्माप्रवाह’?

शब्दवेडी, अंबाजोगाई : अजिबात नाही. उष्मा गरमाकडून गाराकडंच जाणार. विजेचं तसं नाही. या तारांना आडवं चुंबकीय क्षेत्र लावलं तर प्रवाहाची दिशा उलटूही शकते, असं आकडेमोड सांगते. ‘विद्युत’ गाळलंत की सगळी गंमतच गेली.

गुरुजी, परभणी : इन्सुलेटरला काय लिहिलंत? ‘निरोधक’ नको, मागच्या बाकावरची पोरं हसतात. शिवाय ‘रोध’ रेझिस्टन्सला देऊन बसलोय. ‘विसंवाहक’ घ्या. टोपोलॉजीला, म्हणजे आकार ताणला-वाकवला तरी न बदलणाऱ्या गुणांच्या अभ्यासाला, गणितात ‘संस्थिती’ आहेच. तरी ‘संस्थितिक विसंवाहक’ हे नाव फसवंच. बिस्मथ टेल्युराइड घ्या : आतून वीज वाहू द्यायची नाही, पृष्ठभागावरून मात्र वाहायची. टम्म फुगलेल्या भाकरीसारखं, सगळा कारभार पापुद्र्यात. तार जितकी बारीक तितका पापुद्र्याचा वाटा मोठा, म्हणून तर नॅनोतारेचा खटाटोप. फरक एवढाच, की भाकरीचा पापुद्रा सोलून बाजूला ठेवता येतो. इथं वरचा थर खरवडला की खालचा थर पापुद्रा होऊन बसतो!

परळीकर : मग ‘पापुद्रावाहक’च म्हणा की.

गुरुजी, परभणी : कानाला गोड आहे. पण मग चांदीचा मुलामा दिलेली काचही पापुद्रावाहक ठरेल. ती खरवडली की खाली नुसती काच. हा भेद ‘संस्थिती’शिवाय निघत नाही.

नांदेडकर : ‘संस्थितिक विसंवाहकाच्या नॅनोतारेतील उष्माविद्युत प्रवाह’ असं शीर्षक केलं. वडील म्हणाले, “कोळसा गेला ते बरं झालं, पण आता कायबी कळंना.” भाकरीचं वाक्य पहिल्याच परिच्छेदात टाकतो, गुरुजी.