सायकलचं चाक बांधून घ्यायचं ते कुणाकडून?

खंबाटकीचा चढ

"पुण्यात हाताने तारा भरून चाक बांधणारा धड माणूस उरलेला नाही. ज्याच्याकडे तारांचा ताण मोजणारा टेन्शन मीटर नाही त्याच्या दुकानाची पायरी चढू नका, सरळ बाहेरून तयार चाकं मागवा." आपल्या मंचावरचा परवाचा हा सल्ला वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. यंदा पहिल्यांदा ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) उतरणारी पोरं हे वाचून पैसे घालवून बसतील, म्हणून सविस्तर लिहितोय.

तयार चाकं मीही घेतली होती. नावाजलेल्या कंपनीची, मागच्या चाकाला वीसच तारा, त्याही चपट्या आणि सरळ डोक्याच्या. ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत परतताना उंब्रजच्या अलीकडे पहाटे एक तार तुटली. छत्तीसातली एक गेली तर निपल (तारेच्या रिंगकडच्या टोकाची चाकी) फिरवून घरी पोचता येतं. वीसातली एक गेली की रिंग इतकी आउट, म्हणजे वाकडी, होते की ब्रेक पूर्ण सोडला तरी टायर फ्रेमला घासतो. नऊला एक दुकान उघडलं. त्या माणसाने तार हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, "ही तार साताऱ्यातही मिळायची नाही." साडेचारशे किलोमीटर झाले होते, चाळीस तासांपैकी बारा शिल्लक होते, पायही शाबूत होते. टेम्पोत सायकल टाकून घरी आलो.

त्यानंतरचं चाक पेठेतल्या एका मिस्त्रीने बांधलं. ३२ तारा, तीन फुल्या (प्रत्येक तार दुसऱ्या तीन तारांना ओलांडून जाते), मधे बारीक केलेली १४ गेजची तार. रिंग हातात घेण्याआधी त्याने विचारलं: वजन किती, मागे पिशवी किती किलोची, रात्री चालवता का, टायर किती रुंद. ८६ किलो सांगितल्यावर माझी २८ तारांची रिंग त्याने परत दिली. ९००० किलोमीटरमध्ये त्या चाकाचा आउट दोनदा काढलाय, पहिला त्यानेच पाचशे किलोमीटरनंतर बोलावून, फुकट. तुमचं वजन न विचारता तारा किती ते सांगणाऱ्याकडून उठून यावं, मग त्याच्याकडे दहा मीटर असोत.

डिश_गेज

तो सल्ला माझा होता आणि मी तो मागे घेत नाही.

तुमचा मिस्त्री चांगला निघाला, हे तुमचं नशीब. माझं ऐका. "वीस वर्षं तारा वाजवून कानाने करतोय" म्हणणाऱ्याकडे मी नवी रिंग दिली. तीन महिन्यांत मागच्या रिंगला निपलच्या भोकाभोवती तडे गेले. मित्राच्या मीटरवर मोजलं तर उजव्या बाजूच्या तारा १५० किलोच्या आसपास ताणलेल्या. रिंगवर कंपनीची मर्यादा १२०. पैसे गेलेच, पण उतारावर ती रिंग फाटली असती तर? वारंटीचा प्रश्नच नाही, मर्यादा आपणच ओलांडलेली. कानाने फार तर सगळ्या तारा सारख्या आहेत का ते कळतं. किती ताण आहे ते कळत नाही. कार्बन रिंग आणणाऱ्याने तर मीटरशिवाय कुणाला हात लावू देऊ नये.

तीन_फुल्या

हे अर्धंच खरं आहे. तार छेडली की निघणारा सूर ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो. १२० वरून १५० म्हणजे सव्वापट. सव्वाचं वर्गमूळ १.११८, म्हणजे जवळजवळ सा वरून शुद्ध रे. पूर्ण एक स्वर! कान तयार असलेल्या माणसाला हा फरक कळलाच पाहिजे. तुमच्या माणसाला कळला नाही, कारण त्याचा कान तयार नव्हता. त्यावरून सगळ्यांना झोडपू नका.

मीटरचंही तेवढंच कौतुक करा. तो वाकवलेल्या तारेवरून आकडा देतो, मग तारेच्या जाडीप्रमाणे तक्ता बघावा लागतो. चुकीचा रकाना पाहिला की आकडा चुकला. आणि तारेत पीळ राहिलाय का, तारेच्या टोकाचा वाक हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) भोकात नीट बसलाय का, हे मीटर सांगत नाही. त्यासाठी समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून दाबाव्या लागतात, परत आउट काढावा लागतो, परत दाबावं लागतं. तार ताणाने तुटत नाही, सैल पडून तुटते: प्रत्येक फेरीला ढिली होते, परत ताणली जाते, आणि वाकापाशी थकते. म्हणून मागच्या चाकाच्या डाव्या बाजूच्या तारांना हा धोका जास्त, तिथे ताण उजवीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो.

डिश_गेज

सा वरून रे कळायला आधी सा कुठे लावायचा ते माहीत पाहिजे ना? तारेची जाडी बदलली, लांबी बदलली की सा बदलला. शिवाय फुलीपाशी तारा एकमेकींना टेकतात, तिथे सूर दबतो. दाबून बसवण्याचं म्हणणं मान्य. ते माझ्या चाकाला केलं नव्हतं, पहिल्याच फेरीला तारांचा पीळ सुटून टिंग टिंग आवाज येत होते. तेवढ्यापुरतं मान्य.

सोलापूरची

चर्चा वाचताना एक गोष्ट सारखी खुपतेय. मीटर पाहिजे, स्टँड पाहिजे, पाचशे किलोमीटरला परत फुकट आउट काढून पाहिजे. मजुरी किती देता?

माझ्या बाबांचं सायकलचं दुकान होतं. गिरणी कामगारांच्या सायकली, पुढे ३२ तारा, मागे ४०. मागची रिंग भरायला दीड तास लागायचा, आणि दर वेळी गिऱ्हाईक म्हणायचं, "नुसत्या तारा तर घालायच्यात." चाळीस तारा भरून, उभा आउट काढून, आडवा आउट काढून माणूस उठला की त्याची बोटं सरळ होत नाहीत. बाबांची उजव्या हाताची दोन बोटं शेवटपर्यंत सरळ झाली नाहीत. चाळीस हजारांची रिंग आणणारा माणूस आठशे रुपयांवर वाद घालतो, हे मी आजही दुकानांत बघते. पुण्यात माणूस उरला नाही म्हणता, तो उरेल कसा? त्यांची मुलं मोटारसायकलच्या शोरूमला गेली.

नाशिक_रँडो

ताईंचं शब्दन् शब्द खरं. आमच्याकडचे एक जण दुकान बंद करून सुरक्षारक्षक झाले. आता आम्ही चाकं घेऊन पुण्याला येतो.

डिश_गेज

मजुरीचा विषय इथे कुणी काढला होता? मी १५०० दिले, एक रुपया कमी केला नाही, आणि फुटलेली रिंग घेऊन बसलो. गरिबी सांगून वाईट काम झाकता येत नाही. ज्याला जमत नाही त्याने नाही म्हणावं.

सोलापूरची

बाबांनी गरिबी सांगून एकही चाक वाईट बांधलं नाही, हे लिहिताना जरा विचार करा. तुम्ही १५०० दिले त्याचा मला आदर आहे. पण तुमच्या एका वाईट अनुभवावरून "पायरी चढू नका" असं सगळ्यांबद्दल लिहिलंत, म्हणून मी लिहिलं. परदेशी चाकाला कस्टम ड्यूटी निमूट भरता, तिथे आवाज निघत नाही.

खंबाटकीचा चढ

मजुरीवरून मलाही बोललंच पाहिजे. माझ्या मिस्त्रीने १२०० सांगितले होते, मी हजारच दिले. तो काही बोलला नाही. पाचशे किलोमीटरनंतर बोलावलं तेव्हाही काही घेतलं नाही. हे वरच्या लेखात मी अभिमानाने "फुकट" म्हणून लिहिलं. चुकलं माझं.

नाशिक_रँडो

मूळ प्रश्नाकडे या. माझ्या मुलीची डिस्क ब्रेकची सायकल आहे, एक जण पुढच्या चाकाला सरळ तारा घालू म्हणतोय, फुल्याच नकोत, हलकं होईल म्हणतो. घालू का?

तीन_फुल्या

अजिबात नाही. डिस्कचा ब्रेक हबला धरतो, तो जोर तारांमधूनच रिंगपर्यंत जातो. फुल्या नसतील तर हब आत फिरू पाहतो. असं सांगणाऱ्याला चाक देऊ नका. आणि तारांची लांबी तो हबचं आणि रिंगचं माप घेऊन काढतो की अंदाजाने आणतो, ते विचारा. दोन मिलिमीटर आखूड पडली की निपलच्या डोक्यापर्यंत आटे पोचत नाहीत आणि निपलची डोकी उडतात.

डिश_गेज

इथे दुमत नाही.

खंबाटकी, तुमच्या मिस्त्रीकडे कार्बन रिंग कुणी नेली आहे का? माझी नवी रिंग आणि हब घरी पडून आहेत. तो कानाने बांधेल, मी समोर बसून मीटरने मोजेन. सगळ्या तारा १२० च्या आत आणि एका बाजूच्या ताणात एकमेकींच्या जवळ निघाल्या तर तसं इथे लिहीन. नाही निघाल्या तर तेही लिहीन.

खंबाटकीचा चढ

विचारून आलो. कार्बन त्याने दोनदा बांधली आहे. मीटर आणा म्हणाला, त्यालाही बघायचंय. रविवारी सकाळी दहा. रिंगवर मर्यादा छापलेली नसेल तर कंपनीचा कागद आणा, तो त्याने मागितलाय.

सोलापूरची

मजुरी आधी विचारा आणि तेवढीच द्या. दोन तास त्याच्यासमोर मीटर धरून बसणार असाल तर त्या वेळेचेही द्या.

डिश_गेज

देईन.