सणाच्या खुल्या बाजाराचा पर्यावरणावरील भार कमी करण्यासाठी सुरुवात कोठून करावी?

प्रश्न (नवखा_आयोजक)

नमस्कार. शहरात सणाच्या दिवसांत भरणाऱ्या खुल्या बाजाराच्या आयोजन समितीने यंदा पर्यावरणाचा विषय माझ्याकडे सोपवला आहे. विक्रेत्यांना ‘विघटनशील’ कप व ताटल्या सक्तीच्या कराव्यात, रोषणाई कमी करावी आणि जनजागृतीचे फलक लावावेत, असा समितीचा कल आहे. बाजार संध्याकाळी चालतो, बरेच स्टॉल खाद्यपदार्थांचे असतात आणि वीज जनरेटरची असते. एवढ्याने फरक पडेल, की पैसा आणि मनुष्यबळ दुसरीकडे वळवावे?

प्रतिसाद १ (तारतम्य)

विघटनशील कपांची सक्ती करण्यापूर्वी ते कप बाजार संपल्यावर नेमके कोठे जाणार, हे कचरा उचलणाऱ्या यंत्रणेला विचारून घ्यावे. पीएलएसारख्या वनस्पतिजन्य प्लास्टिकचे विघटन होण्यासाठी औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पातील सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमान आणि ओलावा बराच काळ टिकावा लागतो. कचराभूमीत ते दीर्घकाळ तसेच पडून राहते आणि पुनर्वापराच्या प्लास्टिकमध्ये मिसळले तर तोही माल खराब करते. कागदी कपालाही आतून बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतोच.

माझ्या मते अनामत रक्कम घेऊन दिले जाणारे, धुऊन पुन्हा वापरता येणारे कप हाच सरस उपाय आहे, मात्र त्याचे यश परतीच्या प्रमाणावर ठरते. शंभरांपैकी ९० कप परत आले तर एक कप सरासरी १० वेळा वापरला जातो, ९५ आले तर २० वेळा. म्हणजे परतीत झालेली थोडीशी वाढसुद्धा कपाचे आयुष्य दुप्पट करते. त्यासाठी सर्व स्टॉलवर एकाच प्रकारचा कप असावा आणि तो कोणत्याही स्टॉलवर किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर परत करता यावा. कपावर वर्ष किंवा आकर्षक चित्र छापू नये, कारण लोक तो आठवण म्हणून घरी नेतात आणि उरलेला साठा पुढच्या वर्षी जुना दिसतो. (समितीतील हौशी मंडळींना हे पटवणे सर्वांत अवघड जाईल.)

प्रतिसाद २ (भारनियमन)

रोषणाईबद्दलचा समितीचा अंदाज मला चुकीचा वाटतो. दिवे आधीच एलईडी असतील तर ते कमी करून फारसे काही साधत नाही: २ किलोवॉटची एक विजेची शेगडी ५ वॉटच्या ४०० दिव्यांइतकी वीज घेते. खरा भार स्वयंपाक, पाणी तापवणे आणि शीतकपाटे यांचा असतो.

डिझेलचा एक लिटर जळला की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यात सगळ्या शेगड्या एकाच वेळी चालतील असे गृहीत धरून गरजेपेक्षा मोठा जनरेटर मागवला जातो आणि तो बहुतेक वेळ अल्प भारावर चालतो. अशा वेळी प्रत्येक युनिटमागे इंधन अधिक लागते आणि अर्धवट जळलेल्या इंधनाची काजळी यंत्रात साचते. म्हणून विक्रेत्यांकडून उपकरणांची वॉटसह यादी आधी मागवावी, त्यावरून जनरेटरची क्षमता ठरवावी आणि शक्य असल्यास जोडीला बॅटरी घ्यावी, म्हणजे जनरेटर ठरावीक तास योग्य भारावर चालवून नंतर बंद ठेवता येतो. दरवर्षी जागा तीच असेल तर वीज कंपनीची कायमची जोडणी हाच दीर्घकाळाचा मार्ग आहे.

प्रतिसाद ३ (ठेलेवाला)

मी विक्रेत्याच्या बाजूने लिहितो. समिती नियम करते आणि त्याचा खर्च लहान विक्रेत्यावर पडतो, म्हणून पहिल्याच गर्दीच्या संध्याकाळी नियम मोडला जातो. धुण्याची सोय समितीने केली नाही तर एकटा माणूस गिऱ्हाईक सांभाळून कप धुणार तरी कसा? शिवाय धुण्याचे खरकटे पाणी पावसाळी गटारात जाऊ देऊ नये, कारण अनेक शहरांत ते गटार प्रक्रिया न होता थेट नदी-नाल्यात उतरते. कचऱ्याच्या डब्यांपाशी माणूस उभा नसेल तर तीन रंगांचे डबे ठेवूनही तासाभरात सगळे एकत्र होते, मग फलक कितीही लावा.

प्रश्नकर्त्याचा पुढील प्रश्न (नवखा_आयोजक)

सर्वांचे आभार. यंदाच्या निधीत हे सारे बसणार नाही. एकच काम करायचे असेल तर कोणते करावे?

प्रतिसाद ४ (तारतम्य)

धुण्याचे केंद्र आणि डब्यांपाशी माणसे. फलकांचा खर्च तिकडे वळवा. त्याखेरीज जवळजवळ फुकट होणारे एक काम म्हणजे नोंद: रोज किती लिटर डिझेल लागले, किती किलो ओला आणि किती किलो सुका कचरा निघाला आणि लोक कोणत्या वाहनाने आले. कार्यक्रमांच्या शाश्वत व्यवस्थापनासाठी २०१२ साली आलेल्या आयएसओ २०१२१ या मानकाचा भरही मोजमाप करून दरवेळी सुधारणा करण्यावर आहे. प्रमाणपत्राच्या मागे न लागताही ती पद्धत उचलता येते. आणि स्टॉलची आखणी करण्यापूर्वी नळ, सांडपाण्याची जोडणी आणि विजेचे खांब नकाशावर दाखवून घ्या, कारण जागावाटप झाल्यावर धुण्याच्या केंद्राला कोपऱ्यातली, पाणी नसलेली जागाच उरते.