मंदीत मुंबईत दुसरा फ्लॅट घ्यावा का? माझं मत: २ टक्के मुद्रांक शुल्काला भुलू नका

मुलुंडकर (ऑक्टोबर २०२०)

बाबा मार्चमध्ये निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून ४० लाख हातात आले, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. मामा म्हणतो, मंदी आहे, बिल्डर मेटाकुटीला आलेत, कांजूरला वन बीएचके बुक करून टाका, भाड्यावर बाबांचं म्हातारपण निघेल. ३१ डिसेंबरपर्यंत मुद्रांक शुल्क ५ ऐवजी २ टक्के, गृहकर्ज ७ टक्क्यांच्या आसपास. रोज एक तरी फोन हेच ऐकवायला येतो.

मी वही घेऊन बसलो. फ्लॅट ९० लाखांचा, अजून बांधकाम चालू. मुद्रांक शुल्कात वाचले २ लाख ७० हजार. पण चालू बांधकामावर ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे साडेचार लाख. सवलतीचं सगळं तिथेच गेलं, वर १ लाख ८० हजार आणखी. बाबांचे ४० लाख घालूनही, कर आणि शुल्क धरून, जवळपास ५५ लाखांचं कर्ज माझ्या नावावर येतं. २० वर्षांसाठी हप्ता साधारण ४२,६००. आणि ताबा मिळाल्यावर भाडं? आमच्या बाजूला तसल्या घराला २२ हजार सांगतात. मेंटेनन्स आणि वर्षातून एकदा एजंटचं एक महिन्याचं भाडं वजा केलं, तर ९० लाखांवर वर्षाला जेमतेम २ टक्के सुटतात.

याउलट बाबांनी त्यातले १५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर ७.४ टक्क्यांनी दर तिमाहीला २७,७५० रुपये खात्यात येतात. भाडेकरूच्या मागे लागायला नको.

एप्रिल-जूनमध्ये देशाचं उत्पन्न जवळपास २४ टक्क्यांनी आकसलं. माझा स्वतःचा पगार जूनपासून कापून येतोय. अशा वेळी हप्त्याचं जोखड मानेवर घेऊन त्याला गुंतवणूक म्हणणं मला पटत नाही. राहायला घर हवं असेल तर गोष्ट वेगळी. मी दुसऱ्या घराबद्दल बोलतोय.

गोरेगाव_पूर्व

फेब्रुवारी २००९ मध्ये मी रिसेलचा फ्लॅट घ्यायचं ठरवलं तेव्हा घरात दोन दिवस कोणी माझ्याशी धड बोललं नव्हतं. अमेरिकेतली लेहमन बँक बुडून पाच महिने झाले होते, ऑफिसात दर सोमवारी एखादी खुर्ची रिकामी दिसायची. विकणाऱ्याला मुलाच्या फीसाठी पैसे हवे होते आणि चार महिने त्याच्याकडे गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. सांगितलेल्या किमतीवरून तो साडेतीन लाखांनी खाली आला, वर कपाटं आणि गीझर सोडून गेला. दीड वर्षानं त्याच मजल्यावरच्या फ्लॅटला मी दिलेल्या भावात कोणी दारही उघडलं नसतं.

मुलुंडकर, तुम्ही हिशोब मांडलात तो चालू बांधकामाचा. ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) आलेल्या किंवा रिसेलच्या घराला जीएसटी शून्य. मग तुमचे २ लाख ७० हजार पूर्ण वाचतात. शिवाय ४० लाख रोख हातात असलेला माणूस आज बाजारात कितीसा आहे? अडलेला विक्रेता तुमच्यासारख्यालाच शोधतोय. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये ही चिंचोळी मुंबई. लिंक रोडवर आणि हायवेवर मेट्रोचे खांब उभे राहिलेत. गाडी सुरू झाल्यावर हेच घर तुम्हाला आजच्या भावात मिळेल असं खरंच वाटतं?

कन्नमवारनगर

मी पोळलेला आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आमची म्हाडाची जुनी इमारत २०१६ मध्ये रिकामी केली. ३६ महिन्यांत नवीन घर आणि तोवर दरमहा भाडं, असा करार. बिल्डरचं नाव लिहीत नाही. काम सातव्या स्लॅबवर थांबलं, कारण २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही बडी वित्त कंपनी कोसळली, बाजारात कर्ज मिळेनासं झालं आणि ज्या फायनान्स कंपनीकडून तो पैसे उचलत होता तिनं हात आखडला. या एप्रिलपासून आमचं भाडंही बंद. आई ७४ वर्षांची आहे. टागोरनगरला भाड्याच्या खोलीत राहतो, रोज संध्याकाळी ती विचारते, काम सुरू झालं का रे?

आमच्याच इमारतीत विक्रीचे फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेणारे तीस-पस्तीस जण आहेत. त्यांनीही स्वस्त मिळतंय म्हणूनच बुकिंग केलं होतं. त्यांचे हप्ते चालू आहेत, घर नाही. बिल्डरांवर लक्ष ठेवणारी महारेरा ही सरकारी संस्था आहे, तिचा कायदा आहे, गिऱ्हाइकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे असतात, हे सगळं खरं. पण लॉकडाऊनमुळे महारेरानंच प्रकल्पांना सहा महिने मुदत वाढवून दिली. तेवढे महिने विचारायची सोय उरली नाही.

परळ_चाळ

गोरेगाव_पूर्व, २००९ चं उदाहरण प्रत्येक जण देतो. १९९५-९६ चं कोणी देत नाही. तेव्हाही समुद्र आणि खाडी जागच्या जागीच होते. माझ्या काकांनी गावची कलमं विकून १९९६ मध्ये कांदिवलीला घेतलं. भाव पडत गेले, मग नुसते पडून राहिले. २००३ मध्ये काकूच्या ऑपरेशनला पैसे हवे होते तेव्हा घेतल्या किमतीलाही गिऱ्हाईक नव्हतं. मुंबईत भाव शेवटी चढतात हे मान्य, पण ते तुमच्या गरजेच्या दिवशी चढलेले असतीलच असं नाही. साठीतल्या माणसाला सात वर्षं थांबायला सांगणार का?

गोरेगाव_पूर्व

परळ_चाळ, काकांबद्दल वाईट वाटलं. पण ते तेजीच्या टोकाला घुसले होते, आणि आपण बोलतोय मंदीबद्दल. आणि कन्नमवारनगर, तुमचा त्रास वाचून म्हणूनच पुन्हा सांगतो: चालू बांधकाम नकोच. तयार घर, ओसी हातात, मगच टोकन.

सेक्रेटरी_अंधेरी

मी एका सोसायटीची सेक्रेटरी आहे, ८४ फ्लॅट. मार्चपासून आमचे ११ भाड्याचे फ्लॅट रिकामे झाले. ऑफिसं घरून चालली, मुलंमुली सामान गुंडाळून नागपूर-साताऱ्याला गेली. मालक पाच हजार कमी घ्यायला तयार आहेत, तरी विचारणा नाही. मेंटेनन्सचं बिल मात्र रिकाम्या घरालाही येतं.

गोरेगावच्या दादांना एक विचारायचंय. भाव पडलेत असं म्हणता, पण ते कागदावर दिसतात का? रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारनं त्या भागासाठी ठरवलेल्या, दरापेक्षा १० टक्क्यांहून खाली व्यवहार केला, तर फरकावर विकणाऱ्याला आयकर लागतो आणि घेणाऱ्यालाही. म्हणून बिल्डर भाव उतरवत नाही. फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे) माफ, पार्किंग फुकट, ताब्यापर्यंत हप्ता नाही, असं देतो. त्यातलं काहीही उद्या विकताना भरून मिळत नाही.

आणि मुलुंडकर, तयार घर घ्यायचंच झालं तर सोसायटीच्या नावावर जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचं हस्तांतर, झालंय का ते आधी बघा. आमचं २२ वर्षं झालं नव्हतं. शेवटी बिल्डरच्या सहीवाचून सरकारी आदेशानं होतं ते डीम्ड कन्व्हेयन्स करून घेतलं, त्यात माझ्या चपला झिजल्या. जुन्या इमारतीत खरी किंमत जमिनीतल्या वाट्याची असते, पुनर्विकासाला तोच उपयोगी पडतो. कोणी एजंट हे आपणहून सांगणार नाही.

गोरेगाव_पूर्व

ताई, रेडी रेकनरचा मुद्दा नव्या इमारतींना लागू आहे, मान्य. पण रिसेलवाला बहुतेक वेळा रेकनरच्या बराच वर सांगत असतो, तिथे खाली यायला जागा असते. भाड्याचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. माझा हिशोब कधीच भाड्यावर नव्हता, भाव वाढण्यावर होता.

मुलुंडकर

हेच मला मामाला सांगता येत नव्हतं. भाव वाढण्यावर हिशोब असेल, तर तो वयाच्या पस्तिशीत माझा असू शकतो, बाबांचा नाही. त्यांना दर महिन्याला पैसे लागतात. आईची डायलिसिस आठवड्यातून दोनदा असते, हे वर लिहिलं नव्हतं.

कांजूरच्या बुकिंगचा विचार रद्द. १५ लाख उद्याच पोस्टात. बाकीच्या २५ लाखांत मी हात घालणार नाही. पण सेक्रेटरीताई, आमच्याच सोसायटीत तळमजल्याचा एक फ्लॅट विकायला आहे आणि आईला जिने चढवत नाहीत. आमचा तिसऱ्या मजल्यावरचा विकून तो घ्यावा का, हे मनात आलंय. ३१ डिसेंबरच्या आत दोन्ही व्यवहार बसतील? आणि आमच्याकडेही कन्व्हेयन्स झालेलं नाही.

सेक्रेटरी_अंधेरी

बसतील. आधी तुमच्या फ्लॅटचं टोकन घ्या, मग तळमजल्याचं द्या, उलटं करू नका. तुमची आणि त्यांची इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा) काढून ठेवा, सोसायटीच्या ना हरकत पत्राचा अर्ज आजच द्या. मुद्रांक शुल्क डिसेंबरात भरून सह्या झाल्या की नोंदणीला चार महिने मिळतात. कन्व्हेयन्सचं मला वेगळा निरोप टाका, कोणती कागदं लागतात ती यादी पाठवते.