कोकणातली गाडी आणि ४५०० रुपयांचं काळं कोटिंग

सड्यावरचा:

परवा गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. काउंटरवरच्या मुलाने फॉर्म भरता भरताच विचारलं, "सर, खालून कोटिंग मारून घेऊ ना? तुमच्याकडे समुद्र आहे." समुद्र आहे खरा, देवगडात राहून नाकारणार तरी कसा! कोटिंगचे ४५०० रुपये. मग तो बॉनेटपाशी वाकला, खडीने उडालेले पाच टवके बोटाने मोजून दाखवले आणि पुढच्या भागाला पारदर्शक फिल्म, म्हणजे पीपीएफ, लावायचे २२ हजार सांगितले. मी दोन्हीला नाही म्हटलं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "नाही म्हणालात ते विचार करून की पैसे बघून?" म्हणून विचार इथे मांडतो, तुम्हीच ठरवा.

माझं मत: ते ४५०० एखाद्या बऱ्या प्रेशर पंपात घालावेत.

कारखान्यातून पत्रा उघडा येत नाही. आधी फॉस्फेटची प्रक्रिया, मग अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने चढवलेलं प्रायमर (ते पोकळ भागांतही आतवर पोचतं), मग रंग, मग क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). खाली सांध्यांवर आणि चाकांच्या वरच्या कमानीत पीव्हीसीचा जाड लेप असतो तो वेगळाच. खडीचा दाणा यातून भोक पाडतो आणि निघून जातो. पुढचं सगळं मीठ करतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तोच प्रकार. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून घेऊन विरघळतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे त्याखाली उतरलेला दिवस शोधावा लागेल. त्यामुळे कमानीत अडकलेल्या खाऱ्या चिखलाला गाडी चालवायचीही गरज नाही, ती पडवीत उभी असताना त्याचं काम चालूच राहतं.

तो चिखल धुवून काढला तर प्रश्न बराचसा संपतो. वरून काळं रबरी कोटिंग मारलं तर मात्र आत काय चाललंय ते दिसायचंच बंद होतं. आमच्या काकांच्या जुन्या गाडीला असंच होतं. वरून काळं कुळकुळीत, बघून कोणीही खूश व्हावं. स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं तर वीतभर पापुद्रा सोलून हातात आला आणि त्याच्या पाठीला चिकटून पत्र्याचे पोपडेही आले.

बोला.

रॅम्पखाली:

चिपळूणला गॅरेज आहे, रोज दोन-चार गाड्या पोटाकडून बघतो. मी कोटिंग करून देतो, पैसे घेतो, हे आधीच सांगितलेलं बरं.

काकांच्या गाडीला कोटिंगने नाही खाल्लं, मारणाऱ्याने खाल्लं. गाडी सकाळी धुतली, ओली असतानाच दुपारी डबा फवारला, संध्याकाळी चावी हातात. ओल आणि मीठ आत कोंडून वर झाकण घातलं, मग दुसरं काय होणार? नीट करायचं तर चाकं काढावी लागतात, आतली प्लास्टिकची लायनर काढावी लागतात, धुवून एक अख्खा दिवस वाळवावं लागतं. गंज असेल तिथे तारेचा ब्रश, मग कन्व्हर्टर (गंज थोपवणारं रसायन), मग लेप. सायलेन्सर, ब्रेकच्या डिस्क, शाफ्ट, रबरी बुश, सेन्सर, अर्थिंगचे बोल्ट हे सगळं कागद-टेपने झाकायचं. दरवाजांच्या आणि सिलच्या (दरवाजाखालची पोकळ पट्टी) खाली पाणी निघायला भोकं असतात ती बुजू द्यायची नाहीत. बुजली तर पाणी आतच साठतं आणि गाडी आतून सडते. हे दोन दिवसांचं काम आहे. तुम्हाला ज्याने ४५०० सांगितले त्याला एवढंच विचारा, चाकं काढणार का? उत्तरावरून समजेल.

आता तुमचा पंप. पंपाने कमान धुतली जाते, कबूल. पण सिलच्या पोकळीत पंप पोचत नाही. आणि टवका उडालेल्या जागी नोझल अगदी जवळ धरलंत तर टवक्याच्या कडेने रंग उचलला जातो, नखाएवढी जागा रुपयाएवढी होते. हे माझ्याच दारात झालेलं आहे, गिऱ्हाईकाच्या देखत. परशुराम घाटापासून पुढे वर्षानुवर्षं रस्त्याचं काम बघतोय आपण. सुटी खडी, त्यावर डंपर, त्यामागे तुमची गाडी. कमानीच्या आतला पत्रा पॉलिश पेपरने घासल्यासारखा होतो. तिथे जास्तीचा थर नको म्हणणं मला पटत नाही.

चकाचक:

मी नवी गाडी घेतली तेव्हाच सिरॅमिक कोटिंग करून घेतलं. तीन वर्षं झाली, पाण्याचा थेंब ठरत नाही. दगडाचा प्रश्नच संपला. खर्च करायची तयारी नसेल तर समुद्राजवळ महागडी गाडी घेऊ नये, स्पष्ट बोलतो.

रॅम्पखाली:

@चकाचक, पाण्याचा थेंब आणि डंपरखालची खडी यांत फरक आहे हो. सिरॅमिकचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉन. घाण चिकटत नाही, चकाकी राहते, धुणं सोपं जातं, त्यासाठी ते उत्तम. दगड अडवायचा तर पॉलियुरेथेनची फिल्म लागते, ती १५० ते २०० मायक्रॉन असते आणि थोडी रबरासारखी दबते. दुकानदार दोन्हींना "कोटिंग" म्हणतात, तिथेच गिऱ्हाईक फसतं. एकदा बॉनेटच्या पुढच्या कडेवर बॅटरी मारून बघा.

चकाचक:

बघितलं. सात आहेत. दुकानदाराला फोन लावलाय.

वल्हं:

कोटिंग काय, फिल्म काय! गाडी चालवतास की नवरी सजवतास?

आमच्या बापाशीचो ट्रक होतो. दर मे म्हयन्यात खालसून जळक्या तेलाचो हात मारायचो. पंधरा वर्सां मालवण-कोल्हापूर केल्यान, पत्रो शाबूत. होडयेकय तसाच. आजो काजीच्या सालीचां तेल लावी, दर वर्सा. एकदा लावन कोण गप बसलो नाय. तुमका एकदाच पैसे मोजून धा वर्सां झोपूक व्हया, थंयच चुकता.

फेरीबोट:

वल्हं यांचं शेवटचं वाक्य मी भिंतीवर लिहून ठेवणार आहे.

मी दाभोळ-धोपावे फेरीने रोज जातो-येतो. ज्यांनी ही फेरी बघितली नसेल त्यांच्यासाठी: बोटीची फळी धक्क्याला टेकते ती जागा भरतीला खाऱ्या पाण्याने भिजलेली असते आणि चाकं त्यातून जातात. दिवसातून दोनदा. वर बोटीवर वाऱ्याने शिंतोडे उडतात ते निराळे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे मी गाडीला रोज खारवतोच म्हणा ना.

आधीच्या गाडीला रबरी कोटिंग केलं होतं. दोन वर्षांनी ते कडक झालं, खडी लागून तडे गेले आणि सड्यावरचा म्हणतात तसं आत पाणी शिरलं. आताच्या गाडीला मेणाचा मऊ लेप आहे. मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या लॅनोलिनचाही मिळतो. हा वाळून कडक होत नाही, दगडाने ओरखडा पडला तरी कडेचं मेण थोडंफार सरकून येतं. सिलच्या पोकळीत बारीक नळी घालून तेच फवारलं आहे. तोटे आहेत: धूळ चिकटते, हात लावला की कपडे गेले, पहिले काही दिवस धनगरवाड्यातून जाऊन आल्यासारखा वास येतो, आणि दरवर्षी परत लावावं लागतं.

एक अवांतर. मुरुड-कर्दे किनाऱ्यावर पुळणीत गाडी घालून रील काढणाऱ्यांनी कोटिंगवर सल्ला विचारू नये. तुमची गाडी भरतीत अडकली की ट्रॅक्टरवाल्याचा नंबर विचारा.

सड्यावरचा:

@वल्हं, जळक्या तेलाला मात्र माझा ठाम विरोध. ट्रकच्या जाड चेसिसला चाललं असेल. आताच्या गाड्यांत खाली किती रबर आहे बघा: बुश, बूट, होज. तेलाने ते फुगतं आणि फाटतं. सायलेन्सरवर पडलं तर धूर, कधी आगही. आणि ठिबकतं कुठे? खळ्यात. पावसात वाहून जातं कुठे? माझ्या खळ्यापासून विहीर वीस पावलांवर आहे. तुमचीही लांब नसणार.

वल्हं:

बावडेचा खरा बोललंस. ता माझ्या ध्यानात नाय इला.

चाकरमानी:

मुंबईहून वर्षाला तीन फेऱ्या. गणपती, शिमगा, आंबे. सगळे खाली बघताय, मी वरचं बोलतो, कारण पैसे तिथे जास्त जातात.

एक तर अंतर ठेवा. चिऱ्याचा किंवा खडीचा डंपर पुढे दिसला की त्याच्या मागे चिकटून "साइड मिळेल" म्हणून थांबू नका. आदळण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग निम्मा झाला तर जोर पाव होतो. समोरून गाडी येत असेल तर दोघांचे वेग मिळवून धरायचे. यंदा गणपतीला खड्डे बुजवायला टाकलेल्या खडीवरून एसटी ज्या वेगाने गेली त्याचा पुरावा माझ्या काचेवर आहे. सुदैवाने काचेत मधे प्लास्टिकचा थर असतो म्हणून ती फुटून अंगावर आली नाही. नाण्यापेक्षा लहान खूण होती, रेझिन भरून मिटली. तडा लांबला असता तर काच बदलावी लागली असती.

बॉनेट रंगवायला विमा वापरू नका. एक क्लेम केलात की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर. तो क्लेमशिवायच्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के असतो आणि चढत चढत ५० पर्यंत जातो. दोन-चार टवक्यांसाठी तो घालवणं वेडेपणा आहे. टच-अपची बाटली घ्या, रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो. टवका स्पिरिटने पुसा, गंज धरला असेल तर तो आधी काढा, प्रायमरचा ठिपका, रंगाचा ठिपका, वर क्लिअर. काडीपेटीतली काडी पुरते. जवळून दिसतं, पण पत्रा वाचतो.

पीपीएफ अख्ख्या गाडीला हौस असेल तर लावा. बंपर, बॉनेटची पुढची हातभर पट्टी, आरसे आणि मागच्या चाकांपुढची जागा एवढ्यावर भागतं. आणि मडफ्लॅप! काही गाड्यांना कंपनीकडून येतच नाहीत आणि लोक हजारांच्या फिल्मवर वाद घालतात.

चकाचक:

दुकानदार म्हणतो सिरॅमिकच्या वर फिल्म लावायची तर आधी सिरॅमिक घासून काढावं लागेल, नाहीतर फिल्म नीट धरणार नाही. म्हणजे काढायचे पण पैसे. यावर कोणी हसू नये ही विनंती.

सड्यावरचा:

हसलो नाही (थोडा हसलो). पण आता माझीच वेळ आली आहे.

आज सकाळी पाऊस थांबला म्हणून गाडी स्टँडवर चढवली. नुसत्या जॅकवर कोणी खाली शिरू नका, हे जाता जाता. मागची चाकं काढली आणि विजेरी घेऊन आडवा झालो. सगळीकडे लाल. आपल्याकडे हाच घोटाळा आहे, जांभ्याची माती आणि गंज यांचा रंग एकच. जांभा तरी काय, काळ्या दगडाची झीज होऊन मागे राहिलेलं लोखंड आणि ॲल्युमिनियमचं ऑक्साइडच. म्हणून ओलं फडकं घेऊन पुसत गेलो. बऱ्याच जागा स्वच्छ झाल्या, जीवात जीव आला. उजव्या कमानीत, पीव्हीसीचा लेप संपतो त्या कडेला, तीन ठिकाणी फडकं लाल झालं आणि डाग तिथेच राहिला. नख फिरवलं तर खरबरीत.

ही गाडी मी दर रविवारी पंपाने धुतो. खालूनही. म्हणजे नुसता पंप पुरत नाही, हे मला कबूल करावं लागेल. रबरी कोटिंगला माझा नकार कायम आहे, फेरीबोट यांच्या अनुभवानंतर तर जास्तच. मेणाचं मात्र पटतंय.

आणखी एक सापडलं. बॉनेटखाली, वायपरजवळच्या खाचेत सुरूच्या काड्यांचा अक्षरशः गोळा होता, पाणी जायची वाटच बंद. किनाऱ्यावर सुरूच्या बनात गाडी लावणाऱ्यांनी तिथे हात घालून बघा.

@रॅम्पखाली, मेणाचं काम करता का? कधी आणू?

रॅम्पखाली:

करतो, पण आता नाही. सप्टेंबरात पत्रा पुरता वाळणार कधी? ओलीवर मारलं तर तुमच्या काकांच्याच गाडीची गोष्ट परत. एप्रिल-मेमध्ये आणा, दोन दिवस गाडी विसरा. वास येईल, घरी सांगून ठेवा. तोपर्यंत त्या तीन जागा घासून कन्व्हर्टर आणि प्रायमर लावून घ्या, सलग कोरडा दिवस मिळाला तर. आणि गाडीवर कव्हर घालत असाल तर ओल्या गाडीवर घालू नका.

सड्यावरचा:

कोरडा दिवस! बघतो. तारेचा ब्रशही आणायला हवा.

वल्हं:

परवा उघाडी पडतली असा वाटता. मी बाजारात येतंय, ब्रश हाडतंय. तेल नाय हाडूचंय, भियां नको.