प्रति: बियाण्यांची तिजोरी कुणासाठी?

या चर्चेत एकांनी म्हटलंय की स्वालबार्ड या नॉर्वेच्या उत्तर ध्रुवाजवळच्या बेटांवरची बियाणे-तिजोरी, जिथे जगभरच्या पिकांच्या बियांचे राखीव नमुने गोठवून ठेवतात, ती म्हणजे श्रीमंत देशांची प्रलयाच्या भीतीपोटी केलेली हौस. अर्धवट पटतं. पण तिच्यातून बी परत काढायची पहिली वेळ आली ती प्रलयामुळे नव्हे, सीरियातल्या यादवीमुळे.

कोरडवाहू शेतीवर काम करणाऱ्या 'इकार्डा' या संस्थेची जनुकपेढी, म्हणजे पिकांच्या वाणांचं बी जपून ठेवायची जागा, सीरियातल्या अलेप्पोजवळ तेल हाद्यात होती. गहू, बार्ली, मसूर, हरभरा, बाकला, अगदी आपल्या विदर्भात पेरतात ती लाखोळीसुद्धा तिथे. लढाई पेटल्यावर काम अशक्य झालं. सुदैवाने बहुतेक वाणांच्या दुसऱ्या नमुन्यांची पाकिटं आधीच स्वालबार्डला गेली होती. २०१५ मध्ये इकार्डाने ती परत मागवली, लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरली, वाढवली आणि २०१७ मध्ये ताजं बी पुन्हा स्वालबार्डला जमा केलं. कर्ज फेडावं तसं!

मालकीबद्दलही गैरसमज दिसतो. उणे १८ अंशांत ठेवलेलं बी ज्याचं त्याचंच राहतं. ठेवणाऱ्याशिवाय कुणी पेटी उघडू शकत नाही, नॉर्वे सरकारही नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. गोठवलेलं बी आहे तसंच राहतं. नवा रोग, बदललेला पाऊस यांच्याशी जुळवून घेतं ते शेतात दरवर्षी पेरलं जाणारं बी. त्यामुळे घरचं बी राखणाऱ्या शेतकऱ्याला पैसा कोण देणार, हे मला तिजोरीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. २००४ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय बियाणे करारात शेतकऱ्यांचे हक्क आहेत, पण त्यांची अंमलबजावणी ज्या त्या देशाच्या सरकारवर सोडलीय. घोडं तिथेच पेंड खातं.